यार्ड ही इंजिनचालकाची शाळा आहे

पन्हाळगडावर आगगाडी नाही. इंजिनाची शिट्टी ऐकायची तर गड उतरून वीस किलोमीटरवरच्या कोल्हापुरात यावे लागते. 1891 साली कोल्हापूर संस्थानने मिरजेपर्यंत लोहमार्ग आणला, तेव्हापासून ही स्थिती तशीच आहे. तथापि पन्हाळा तालुक्याचा रेल्वेशी काही संबंध नाही, असे मात्र कोणी समजू नये. कोडोली, वारणानगर, कळे या भागांत औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून विजेच्या किंवा फिटरच्या कामाचे प्रमाणपत्र घेतलेल्या मुलाला पुढे काय, असे विचारले तर उत्तरांत रेल्वेची नोकरी हटकून येते, आणि तीही बहुधा इंजिनावरची. रेल्वे भरती मंडळांनी 2024 च्या जानेवारीत सहायक लोको पायलटांच्या 5,696 जागा जाहीर केल्या, त्याच वर्षी तो आकडा 18,799 वर नेला, आणि 2025 मध्ये आणखी 9,970 जागांची जाहिरात निघाली. दहावीनंतर आयटीआय किंवा पदविका झालेल्या मुलामुलींना इतक्या मोठ्या संख्येने बोलावणारी दुसरी सरकारी नोकरी आज क्वचितच असेल.

या मुलांना घेतल्यावर शिकवणार काय, हा प्रश्न मात्र भरतीच्या गलबल्यात मागे पडतो. तो आता टाळता येणार नाही, कारण चालकाने इंजिनात बसूनच इंजिन चालवावे, हा दीडशे वर्षांचा गृहीत सिद्धान्त जगात अनेक ठिकाणी मोडला आहे. कॅनडा आणि अमेरिकेतील यार्डांत माणूस जमिनीवर उभा राहून, छातीशी बांधलेल्या एका लहानशा पेटीवरच्या कळा फिरवून इंजिन पुढेमागे करतो. पेटीचा हुकूम बिनतारी संदेशाने इंजिनातील यंत्राकडे जातो. संदेश तुटला तर इंजिन आपोआप थांबते. पेटीधारी माणूस पडला आणि पेटी ठरावीक कोनापेक्षा अधिक कलली, तरी काही क्षणांत ब्रेक लागतात. कॅनडात ही पद्धत आधी रुळली. अमेरिकेच्या संघीय रेल्वे प्रशासनाने तिच्यासंबंधी सुरक्षेच्या सूचना 2001 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केल्या आणि पुढच्याच वर्षी तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ती धडाक्याने सुरू केली.

आपल्याकडे दूरनियंत्रण वेगळ्या दाराने आले आहे. 2022 च्या स्वातंत्र्यदिनी छत्तीसगडमध्ये कोरब्याहून राजनांदगावकडे धावलेल्या ‘सुपर वासुकी’ या कोळशाच्या गाडीला 295 डबे आणि सहा इंजिने होती. लांबी साडेतीन किलोमीटर. अशा अजस्र गाड्यांत मधली किंवा मागची इंजिने पुढच्या चालकाच्याच हुकमात असावीत, यासाठी बिनतारी नियंत्रणाची यंत्रणा भारतीय रेल्वेने स्वीकारली आहे. मुंबईहून निघणाऱ्या राजधानी गाडीला 2019 मध्ये दोन्ही टोकांना इंजिने जोडून, पुढच्या चालकाकडून मागचे इंजिन चालवून कसारा घाट चढवण्याची पद्धत मध्य रेल्वेने सुरू केली, तीही याच जातीची. यार्डातील शंटिंग मात्र आपल्याकडे अजून सर्रास जुन्याच रीतीने चालते. चालक इंजिनात, सांधेवाला रुळाशी, आणि दोघांमध्ये झेंडी, कंदील, शिट्टी किंवा वॉकीटॉकी.

या जुन्या रीतीविषयी हळवे होण्याचे कारण नाही. 2024 च्या 9 नोव्हेंबरला बिहारमधील बरौनी जंक्शनात इंजिन आणि डबा यांच्या मधली जोडणी सोडवीत असलेला एक रेल्वे कर्मचारी बफरांत चिरडून मरण पावला. इंजिन मागे सरकले, तेव्हा तो मध्येच उभा होता. परस्परांना द्यायच्या इशाऱ्यांतला गोंधळ प्राथमिक चौकशीत पुढे आला. ज्याच्या हातात इंजिन होते त्याला माणूस दिसत नव्हता, आणि ज्यांना माणूस दिसत होता त्यांच्या हातात इंजिन नव्हते. दूरनियंत्रणाच्या बाजूने याहून सबळ युक्तिवाद कोणी करू शकणार नाही. जोडणीशी उभ्या असलेल्या माणसाच्याच छातीवर इंजिनाची कळ असेल, तर मधला सांगावा नाहीसा होतो आणि सांगाव्याबरोबर गैरसमजही. म्हणून हे यंत्र आपल्या यार्डांत यावे, लवकर यावे, असेच आमचे मत आहे. यंत्र आले की माणसे गेली, अशी ओरड करून त्याची वाट अडवणे म्हणजे बरौनीसारखे मृत्यू चालू ठेवणे होय.

प्रश्न ती पेटी कोणाच्या गळ्यात घालायची, आणि घालण्यापूर्वी त्याला काय आले पाहिजे, हा आहे. अमेरिकेत भांडण झाले ते याच मुद्द्यावर. कंपन्यांनी यार्डातील डबे जोडणाऱ्या-सोडणाऱ्या कामगारांच्या संघटनेशी करार केला आणि पेटी त्यांच्याकडे सोपवली. इंजिनचालकांची संघटना बाहेर राहिली. चालकांचे म्हणणे असे की, आम्ही महिनोन्‌महिने शिकून जे काम करतो ते सुमारे दोन आठवड्यांच्या शिक्षणावर इतरांच्या हाती दिले जात आहे. लवादाने 2003 मध्ये कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे अपघातांची आकडेवारी आली, तीही दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वाचली. या वादात चालकांच्या पोटाचा प्रश्न होता हे उघड आहे. पण पोटाच्या प्रश्नाआड एक खरा प्रश्न झाकला गेला आणि तोच आपल्या कामाचा आहे.

तो प्रश्न कळण्यासाठी आपल्याकडे चालक कसा घडतो ते पाहिले पाहिजे. वाफेच्या काळात पोरगा इंजिन पुसायला लागायचा, मग फायरमन होऊन कोळसा ओढायचा, मग शंटर, मग मालगाडी, मग पॅसेंजर, आणि केस पांढरे होऊ लागल्यावर मेल. वाफ गेली, डिझेल आले, डिझेल जाऊन वीज आली; पदांची नावे बदलली, परंतु शिडी फारशी बदलली नाही. सहायक लोको पायलट, मग शंटिंगचा लोको पायलट, मग मालगाडी, पॅसेंजर, मेल-एक्स्प्रेस. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकून 1980 च्या दशकाच्या अखेरीस सहायक चालक झाल्या. मालगाडीच्या पूर्ण चालक होईपर्यंत 1998 उजाडले, आणि घाटात गाडी चालवण्याचे काम हाती आले ते 2010 मध्ये. 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेलेल्या आणि 2025 च्या सप्टेंबरात निवृत्त झालेल्या या चालक बाईंचे कौतुक वर्तमानपत्रांनी पुष्कळ केले; मधल्या वीस वर्षांच्या पायऱ्यांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

या शिडीची शंटिंग ही पायरी दिसायला सर्वांत क्षुद्र. ताशी दहा-पंधरा किलोमीटरचा वेग, तेच रूळ, तेच डबे, दिवसभर पुढे आणि मागे. पण चालकाचे सारे अवघड धडे इथेच गिरवले जातात. रिकामा डबा आणि भरलेला डबा यांना थांबायला लागणारे अंतर किती वेगळे असते, ओल्या रुळावर चाक कसे घसरते, नजरेला सपाट वाटणाऱ्या मार्गाला किती उतार असतो, जोडणीचा धक्का केवढा बसला म्हणजे ठीक आणि केवढा म्हणजे घातक, हे पुस्तकात लिहिता येते. कळते ते अंगाला. इंजिनात बसलेल्या माणसाला गाडीचे वजन आसनातून, पायांखालच्या पत्र्यातून, मोटरच्या आवाजातून जाणवत असते. जमिनीवर पेटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला यांतले काहीच जाणवत नाही. त्याला फक्त दिसते. त्यामुळे ज्याने आधी अंगाने वजन ओळखले आहे तोच पुढे नजरेने ते ताडू शकतो. दूरनियंत्रकाला चालकापेक्षा कमी शिक्षण पुरते, हा समज म्हणूनच उलटा आहे. त्याला चालकाचे सगळे यायला हवे आणि शिवाय पेटीचेही.

ब्रेकचे उदाहरण घ्या. गाडीच्या नळीतील हवेचा दाब उतरवला की डब्यांचे ब्रेक लागतात, आणि इंजिन बाजूला झाले तरी डब्याखालच्या टाकीत साठलेल्या हवेवर ते काही काळ लागलेले राहतात. काही काळच, कारण हवा हळूहळू गळते. म्हणून गाडी सोडून जाताना हातब्रेक आवळायचे, चाकाखाली अडथळा ठेवायचा, आणि मगच पाठ फिरवायची. 2024 च्या 25 फेब्रुवारीला जम्मूतील कठुआ स्थानकात खडीने भरलेली 53 डब्यांची मालगाडी चालकाशिवाय निघाली आणि सत्तर किलोमीटरहून अधिक अंतर धावत पंजाबात उच्ची बस्सीला लाकडी ठोकळे टाकून थांबवावी लागली. हातब्रेक नीट न लावताच गाडी सोडली गेली होती. कोणी मेले नाही, हे निव्वळ नशीब.

कॅनडातील लाक-मेगान्तिक या गावाचे नशीब तसे नव्हते. 2013 च्या जुलैत खनिज तेलाच्या 72 टाक्यांची गाडी एकट्या चालकाने रात्री उतारावर उभी केली. एकाच माणसाला गाडी चालवता यावी म्हणून दूरनियंत्रणाची सामग्री ठेवलेला एक खास डबा या गाडीला होता, ही गोष्ट इथे मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. चालकाने सात हातब्रेक आवळले. चौकशीत निष्पन्न झाले की किमान सतरा हवे होते. हातब्रेक गाडी धरतात की नाही हे त्याने तपासले, पण इंजिनाचे हवेचे ब्रेक लागलेले असतानाच तपासले, त्यामुळे तपासणी खोटी ठरली. मध्यरात्री इंजिनाला आग लागली, ती विझवणाऱ्यांनी इंजिन बंद केले, हवा गळत गेली, आणि गाडी उतारावरून गावात घुसली. 47 माणसे मेली. चौकशीने एकट्या चालकावर खापर न फोडता कंपनीचे ढिले प्रशिक्षण आणि सरकारी देखरेखीची ढिलाई यांवरही बोट ठेवले. यंत्राने दुसरा माणूस वाचवला होता, पण त्या दुसऱ्या माणसाच्या डोक्यातला संशय मात्र कोणी भरून काढला नव्हता.

यार्डातील शंटिंग उद्या अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमावर तयार केलेल्या पेटीधाऱ्यांकडे गेले, तर पहिला परिणाम यार्डात दिसणारही नाही. तो दहा वर्षांनी घाटात दिसेल. शंटिंगची पायरी गाळून, सहायकाच्या आसनावरून थेट मालगाडीच्या मुख्य आसनावर गेलेला चालक बोरघाटात उभा राहील, जिथे सदतीस फुटांत एक फूट चढ आहे आणि कर्जतहून मागे ढकलणारी इंजिने लावावी लागतात. पुढचा चालक आणि मागचा चालक यांचे एकमेकांशी जुळणे ही तिथली खरी विद्या. मागचे इंजिन बिनतारी हुकमावर चालू लागले, तर ती विद्या एकट्याच्याच डोक्यात असावी लागेल. बोगद्यात, वळणावर संदेश तुटला तर गाडीचा कुठला भाग ताणला जाईल आणि कुठला दाबला जाईल हे त्याला आधीच ठाऊक हवे. पन्हाळ्याच्या वाचकाला वेगळे उदाहरण कशाला? 1660 मध्ये खिंडीत झुंजणारे बाजीप्रभू विशाळगडावरच्या तोफांच्या आवाजाकडे कान लावून होते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. दुरून आलेल्या त्या इशाऱ्याला अर्थ होता, कारण मधली सारी वाट त्या माणसांच्या पायांखालून गेली होती.

सिम्युलेटर आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि उत्तम आहेत. धुके, सिग्नल बिघाड, रुळावर आलेले जनावर हे सारे खोलीत बसून शिकता येते, आणि चूक झाली तर कोणी मरत नाही. परंतु चूक झाली तर कोणी मरत नाही, ही त्यांची मर्यादाही आहे.

प्रशिक्षणाबरोबर विश्रांतीचाही विचार करावा लागेल. इंजिनावरील कर्मचाऱ्यांनी दहा तासांच्या कामासाठी 1973 मध्ये संप केला आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातील देशव्यापी संपात त्यांचा वाटा मोठा होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. पेटी घेऊन भर उन्हात किंवा पावसात, खडीवरून चालत, एकाच वेळी डबे जोडायचे आणि इंजिनही चालवायचे, हे बसून केलेल्या कामापेक्षा अधिक थकवणारे आहे. एका माणसाच्या पगारात दोघांचे काम आणि वर आठ तासांचे बारा तास, असा हिशेब रेल्वेने मांडला तर बरौनीचा धोका टळून दुसरा उभा राहील.

रेल्वे मंडळाने यासंबंधी नियम करताना तीन गोष्टी लेखी घालाव्यात. दूरनियंत्रणाची पेटी फक्त चालकाच्या श्रेणीतील माणसाकडे द्यावी, आणि तीही त्याने प्रत्यक्ष इंजिनात बसून शंटिंगचे ठरावीक तास पुरे केल्यावर. सांधेवाल्यांपैकी ज्यांना हे काम शिकायचे असेल त्यांना चालकाच्या श्रेणीत येण्याची वाट खुली करावी. आडवाटेने पेटी हाती देऊ नये. आणि प्रत्येक दूरनियंत्रकाला दरवर्षी काही दिवस पुन्हा इंजिनात बसवावे. भुसावळच्या विभागीय प्रशिक्षण संस्थेसारखी केंद्रे आपल्याकडे आहेत, शिकवणारे जुने चालक आहेत. नव्या भरतीतील हजारो मुले प्रशिक्षणाच्या वाटेवर आहेत. त्यांच्या हाती पडणाऱ्या अभ्यासक्रमात शंटिंगचे तास वाढतात की कमी होतात, हे पालकांनी आणि शिक्षकांनी आत्ताच विचारायला हवे. यार्डांत पेट्या आल्यानंतर विचारून उपयोग नाही.