जालन्याचे बेथेल आणि राफाएलची शिडी

मराठीच्या वर्गात युरोपीय प्रबोधनकाळातील भित्तिचित्रांचा विषय निघाला, की 'याचा आपल्याशी काय संबंध?' हा प्रश्न हमखास येतो. निदान जालना जिल्ह्यात तरी तो येऊ नये, असे आम्हांस वाटते.

रोममध्ये, व्हॅटिकन प्रासादात, राफाएलने 1511 ते 1514 या काळात सजवलेले 'हेलिओडोरसचे दालन' आहे. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर, तो सुकण्याआधी रंग भरण्याची फ्रेस्को पद्धती येथे वापरलेली आहे. छतावरील एका चित्रात याकोब जमिनीवर निजलेला दिसतो. थोरल्या भावाला फसवून घरातून पळालेल्या याकोबाला स्वप्नात स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी आणि तिच्यावरून चढणारे-उतरणारे देवदूत दिसतात. जागा झाल्यावर तो त्या ठिकाणाला नाव देतो : बेथेल, म्हणजे देवाचे घर.

हेच नाव एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळच्या एका वसाहतीला मिळाले. ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. 1843 साली त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्यापाठोपाठ गेलेला धाकटा भाऊ श्रीपत मात्र न्यायालयाच्या निर्णयाने वडिलांकडे परतला आणि त्याला स्वधर्मात घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. भावापासून दुरावलेल्या माणसाने, भावापासून पळालेल्या माणसाच्या कथेतील नाव आपल्या वसाहतीला द्यावे, या योगायोगापाशी वाचकाने क्षणभर थांबायला हवे.

'दर्पण'कार जांभेकर आपण शिकवतो, श्रीपत प्रकरणाचाही उल्लेख करतो. पण थोरला भाऊ पुढे जालन्यास आला, हे सांगत नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले, म्हणजे बायबलमधील कथा मराठी ओवीत येऊन चार शतके लोटली. त्या कथा परक्या मानल्या, तर स्टीफन्स, बाबा पदमनजी, रेव्हरंड टिळक यांचे लेखन आपण अर्धेच वाचतो. कथा वाचणे म्हणजे धर्म स्वीकारणे नव्हे. एवढा विवेक पदव्युत्तर वर्गात गृहीत धरता येतो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. राफाएलचे चित्र दाखवण्याआधी विद्यार्थ्यांना बेथेल या नावाचा अर्थ विचारावा. उत्तर शोधताना ते जालन्याहून निघतील, मुंबईचे 1843 साल ओलांडतील आणि मग रोमच्या त्या छताखाली उभे राहतील. तेव्हा ते चित्र त्यांना परके वाटणार नाही.