मंद्र सुराची उपेक्षा

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून संगीताविषयीं जी चर्चा चालते, तींत दोन वाक्यें वारंवार कानांवर येतात. पहिलें, 'ज्यावर गाणें वाजत नाहीं, तें वाद्य काय कामाचें ?' आणि दुसरें, 'आवड ज्याची त्याची. तेथें वाद कशाला?' पहिलें वाक्य अज्ञानाचें आणि दुसरें आळसाचें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. दोन्ही वाक्यें आम्हींही उच्चारलेलीं आहेत. तेव्हां ह्या लेखांतील टीका प्रथम आमच्याच अंगावर येते, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

प्रसंग असा घडला. आमच्या भाच्याच्या घरीं दर रविवारीं सायंकाळीं चार हौशी वादक जमतात. एक बँकेंत नोकरीला आहेत, एक दंतवैद्य आहेत, एक शाळेंत गणित शिकवितात. चौथा आमचा भाचा. तो बास गिटार वाजवितो. चार जाड तारांची, लांब मानेची व सर्वांच्या खालचे स्वर देणारी ही गिटार होय. तासभर वादन होतें आणि दोन तास चहा व गप्पा चालतात. तार बोटांनीं छेडावी कीं पिकनें, पडद्यांची मान बरी कीं बिनपडद्यांची, जेम्स जेमर्सन थोर कीं जॅको पास्टोरियस, ह्यांवर कडाक्याचें भांडण होतें; आणि कपबशा उचलल्या जातांना तें मिटतें. एकदां तेथें आमचे एक वडीलधारे स्नेही आले होते. ते भाच्याला म्हणाले, "काय रे, एखादें गाणें वाजवून दाखव कीं ह्यावर." तो म्हणाला, "काका, ह्यावर एकट्यानें गाणें वाजवायचें नसतें. गाण्याच्या खालून चालायचें असतें." त्यावर काका उद्गारले, "मग घेतलेंस कशाला ?" सारे हंसले, आम्हीही हंसलों. पंधरा दिवसांनीं भाचा आम्हांला म्हणाला, "मामा, बास विकून टाकावा म्हणतों. ऐकतो कोण ?"

त्या हंसण्याची भरपाई करावी, हा ह्या लेखाचा हेतु आहे.

'ऐकतो कोण ?' ह्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, सर्वच ऐकतात. परंतु आपण काय ऐकलें हें त्यांना कळत नाहीं. पुढच्याच रविवारीं आम्हीं एक प्रयोग करविला. गणिताच्या मास्तरांनीं गिटारवर सा, ग आणि प हे तीन स्वर एकदम छेडले व भाच्यानें खालीं मंद्र षड्ज धरला. खोलींत एक प्रसन्न, स्थिर नाद भरला. मग मास्तरांनीं तेच तीन स्वर पुन्हां छेडले, पण ह्या वेळीं भाच्यानें खालीं मंद्र धैवत वाजविला. तोच नाद एकाएकीं उदास झाला ! मास्तरांचें एकही बोट जागचें हललें नव्हतें. कान सर्वांत खालच्या स्वराला पाया मानतो व बाकीच्या स्वरांचा अर्थ त्यावरून लावतो. पाया सरकला कीं वरच्या सुरांचा भाव पालटतो. ज्याच्या एका पावलानें साऱ्यांचा भाव पालटतो, त्याच्याविषयीं 'हा करतो काय ?' असें विचारणें म्हणजे जोत्यावर उभें राहून जोत्याचा उपयोग विचारणें होय.

पाश्चात्य संगीताचा इतिहास ह्याच गोष्टीची साक्ष देतो. पाखेलबेलचा 'कॅनन' घरोघरच्या पियानो शिकणाऱ्या मुलांना ठाऊक असतो. त्यांत खालचे तेच आठ स्वर अठ्ठावीस वेळां वाजतात व वरचा सारा विलास त्यांच्या आधारानें उभा राहतो. बाखनें १७४१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'गोल्डबर्ग' रचनेंतील तीस रूपांतरें मूळ चालीच्या सुरावटीवर रचलेलीं नसून तिच्या खालच्या ओळीवर रचलेलीं आहेत. पुढें १९५१ मध्यें लिओ फेंडर ह्यांनीं विजेवर चालणारा, पडद्यांचा बास बाजारांत आणला. तोंपर्यंत ह्या वादकाला माणसाएवढा उंच डबल बास वाहून न्यावा लागे, आणि एवढें करून वाद्यवृंदाच्या गोंगाटांत तो फारसा ऐकूंही येत नसे.

वाद्य सुधारलें, पण उपेक्षा कांहीं सरली नाहीं. बीटल्सचा बासवादक १९६१ मध्यें मंडळी सोडून गेला, तेव्हां तें वाद्य इतर कोणालाच नको होतें, म्हणून तें पॉल मॅकार्टनीच्या गळ्यांत पडलें. कॅरल के ही मूळची गिटारवादक. १९६३ मध्यें एका ध्वनिमुद्रणाला ठरलेला बासवादक आला नाहीं म्हणून तिनें बास हातीं घेतला आणि पुढें त्याच वाद्यानें तिचें नांव झालें. जेमर्सन केवळ उजव्या हाताच्या तर्जनीनें तारा छेडीत असे. मोटाउन कंपनीचीं कितीतरी लोकप्रिय गाणीं त्याच्या त्या एका बोटावर तोललेलीं आहेत. पण त्या तबकड्यांवर वादकांचीं नांवें छापण्याचा रिवाजच नव्हता. १९७१ मध्यें मार्विन गे ह्याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' ह्या संग्रहावर त्याचें नांव आलें, तोंवर साऱ्या जगानें त्याला ऐकलें होतें आणि कोणी त्याला ओळखीत नव्हतें.

येथें कोणी म्हणेल, 'हें सर्व परक्यांचें. आमच्या संगीताशीं त्याचा काय संबंध?' ह्या आक्षेपांत सत्याचा अंश आहे आणि तो आम्ही नाकारीत नाहीं. आमच्या तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची असते, परंतु तो खर्ज अचल असतो; पाश्चात्य बास चालता असतो. दोन्ही एकच, असें म्हणण्याचा खोटा अभिमान आम्हांला नको. पण ज्या परंपरेंत गवई पहाटे उठून खर्ज साधतो आणि जेथें डग्ग्याचा घुमारा नसेल तर तबला पोरका वाटतो, तिच्या वारसांनीं खालच्या सुराला कमी लेखावें, हें खचित शोभत नाहीं. शिवाय हिंदी चित्रपटगीतें आम्हीं आपलींच मानलीं ना ? त्या गाण्यांच्या वाद्यवृंदांत स्वरसंवादाची बांधणी अँथनी गोन्साल्विस व सेबास्टियन डिसूझा ह्यांच्यासारख्या गोमंतकीय वादक-संयोजकांनीं घडविली. राहुलदेव बर्मन ह्यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ बास वाजवीत. आमच्या बैठकींत गायक आणि संगीतकार ह्यांचीं नांवें रात्रभर घेतलीं जातात. हीं नांवें कितीजण घेतात?

आजच्या ऐकण्याच्या रीतीनें ह्या उपेक्षेंत भर टाकली आहे. बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारें ४१ आंदोलनें करते. मोबाइलच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकाला तो स्वर मुळीं उमटवितांच येत नाहीं. वरच्या उपस्वरांवरून कान त्याचा केवळ अंदाज बांधतो. अशा रीतीनें पायाविना गाणें ऐकावयाचें आणि वर 'बास ऐकूंच येत नाहीं' म्हणून वादकाला दोष द्यावयाचा, हा कोठला न्याय ?

आतां दुसऱ्या वाक्याकडे वळूं. 'आवड ज्याची त्याची' हें उदारपणाचें वाक्य भासतें. वस्तुतः तें संभाषणाचें दार लावून घेण्याचें वाक्य आहे. आवड ज्याची त्याची असेल. पण ऐकल्यावांचून आवड ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. भाच्याच्या घरचे दंतवैद्य पास्टोरियसला कसरतबाज म्हणत. बँकेंतल्या गृहस्थांनीं वाद न घालतां जोनी मिचेल हिचा १९७६ चा 'हेजिरा' लावला. तींत तो तिच्या आवाजाखालून व भोंवतालून कसा वावरतो, हें त्यांनीं गाणें मध्येंच थांबवून थांबवून दाखविलें. शेवटीं दंतवैद्य म्हणाले, "मला अजून आवडत नाहीं, पण आतां ऐकूं येतें." आमच्या मतें त्या सायंकाळचें सारें सार्थक ह्या वाक्यांत झालें. हौशी लोकांच्या गप्पांना रिकामटेकड्या म्हणून हिणवणाऱ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें. ह्या मंडळींना स्पर्धा जिंकावयाची नसते आणि पोटही भरावयाचें नसतें. म्हणून ती एकमेकांचें ऐकूं शकतात, आणि आपला कान अपुरा होता हें कबूल करतांना त्यांना लाज वाटत नाहीं.

आईबापांना एवढीच विनंति कीं, मुलानें सर्वांच्या पुढें उभें राहून गाणारें वाद्य निवडलें तर त्याचें कौतुक अवश्य करावें. परंतु त्यानें मागें उभें राहून साऱ्यांना सांवरणारें वाद्य निवडलें, तर 'मग घेतलेंस कशाला?' असें त्याला विचारूं नये. आज रात्रीं आपल्या आवडीचें एखादें गाणें चांगल्या ध्वनिक्षेपकावर लावावें, गायकाला क्षणभर विसरावें आणि खालच्या ओळीचा शेवटपर्यंत पाठलाग करावा.

भाच्यानें बास अद्याप विकलेला नाहीं. येत्या रविवारीं त्या काकांना घेऊन आम्ही त्याच्याकडे जाणार आहोंत, आणि ह्या खेपेस 'गाणें वाजवून दाखव' असें म्हणणार नाहीं.