शस्त्र परवाना : कायदा एक, मापे अनेक

८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या झाडून हत्या झाली व मारेकऱ्याने स्वतःचाही शेवट करून घेतला. या प्रकरणाच्या राजकीय बाजूची चर्चा पुष्कळ झाली. वापरलेले हत्यार मात्र मारेकऱ्याचे नव्हतेच; ते त्याच्या अंगरक्षकाचे होते, त्याचा परवाना उत्तर प्रदेशातील होता आणि मुंबईत त्याची नोंद नव्हती, असे तपासात पुढे आले. वसई-विरारकरांनी या तपशिलाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. दहिसर आपल्यापासून दूर नाही. आणि सराफी पेढी, बँक वा रोकड नेणारी गाडी यांपाशी बंदूक घेऊन उभा असलेला रखवालदार आपल्याही रोजच्या पाहण्यातला आहे.

शस्त्रे व दारूगोळा हा विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत घातला आहे. लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली व तो सर्व देशास सारखाच लागू आहे. अमेरिकेत तसे नाही. अंगावर लपवून शस्त्र बाळगण्याचे नियम तेथे प्रत्येक राज्य स्वतः करते. निम्म्याहून अधिक राज्यांत त्यासाठी परवानाही लागत नाही; उलट न्यूयॉर्क राज्याने घातलेली सबळ कारण दाखविण्याची अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरविली. (गंमत अशी की, शस्त्र लपविण्यावरून तेथे एवढा वाद होतो, आणि आपले २०१६ चे नियम मात्र सार्वजनिक जागी ते झाकूनच न्यावे असे बजावतात.)

तेव्हा आपण एकसूत्री आणि अमेरिका विस्कळीत, असे समाधान कोणी मानू नये. कायदा केंद्राचा असला तरी परवाना देणारा हात राज्याच्या अधिकाऱ्याचा असतो. आपल्या पालघर जिल्ह्यातच पाहा : २०२० मध्ये आयुक्तालय झाल्यापासून वसई-विरारच्या रहिवाशाने पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावयाचा, तर डहाणू-जव्हारच्या रहिवाशाने जिल्हाधिकाऱ्यांकडे. जीवितास धोका किती असला म्हणजे पुरे, हे मापण्याची फूटपट्टी प्रत्येक मेजावर निराळी.

केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे ३३.७ लाख परवान्यांपैकी १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात होते. पंजाबात ३.५९ लाख आणि महाराष्ट्रात अवघे ८४ हजार. २०११ च्या शिरगणतीशी हे आकडे ताडून पाहिले, तर दर लाख लोकांमागे महाराष्ट्रात सुमारे ७५, उत्तर प्रदेशात ६४० आणि पंजाबात जवळजवळ १,३०० परवाने पडतात. सरहद्द, दहशतवादाची वर्षे, जमीनदारीची परंपरा हे सारे हिशेबात धरले, तरी पंजाबातील माणसाचा जीव आपल्यापेक्षा सतरापट अधिक धोक्यात आहे, असे कोणी म्हणणार नाही. फरक धोक्याचा नाही, मापाचा आहे.

एकाच वस्तूचे दोन बाजारांत दोन भाव असले की माल स्वस्त बाजाराकडून महाग बाजाराकडे वाहू लागतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवितात. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात सुमारे २.७८ लाख परवाने अपात्रांना दिले गेले, असा केंद्रीय अन्वेषण विभागाचा आरोप आहे; त्याचे खरेखोटे न्यायालय ठरवील. रखवालदारीचा व्यवहार तर उघडच आहे. स्वतःची परवान्याची बंदूक असलेल्या 'गनमन'ला साध्या रखवालदारापेक्षा पगार अधिक, म्हणून स्वसंरक्षणासाठी मिळालेला परवाना रोजगाराचे भांडवल होतो. यात त्या पोटार्थी माणसाला किंवा त्याच्या प्रांताला दोष देण्यात अर्थ नाही. कमी खर्चात बंदूक दाराशी उभी करणारे मालक आपल्यातलेच आहेत.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा ठेवली आणि वरातीत बार काढणे दंडनीय केले. माप मात्र जागच्या जागीच राहिले. परवाना नाकारताना कारणे लेखी नोंदविण्याची स्पष्ट सक्ती कायद्यात आहे. देताना मात्र तितकी नाही. ती हवी. दर जिल्ह्याने वर्षाकाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि कोणत्या कारणासाठी, हे नावे वगळून प्रसिद्ध करण्यास कोणता अडथळा आहे? परवान्यांची राष्ट्रीय नोंद संगणकावर आहे. आपल्या आयुक्तालयाने पेढ्या, बँका व सुरक्षा संस्थांकडून सशस्त्र रखवालदारांची यादी मागवून ती या नोंदीशी पडताळावी आणि नोंद नसलेल्या बंदुकीचा जाब प्रथम ती दाराशी उभी करणाऱ्या मालकास विचारावा. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.