गाजर गवत ऑगस्टमध्ये नव्हे, जूनमध्येच ओळखा

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागरूकता सप्ताह म्हणून पाळला जातो. उपक्रम चांगला असला, तरी आपल्या भागासाठी तो उशिरा येतो. जूनच्या पहिल्या पावसात उगवलेले गाजर गवत साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते. म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिल्या पिढीचे बी जमिनीवर पडू लागलेले असते. एका मोठ्या झाडापासून १० ते २५ हजार बिया तयार होतात. फुललेले झाड उपटून समाधान मिळते, पण पुढच्या हंगामाची पेरणी झालेली असते.

मूळ अमेरिका खंडातील या तणाची भारतातील पहिली ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातूनच झाली. आज पिंपरीतील संत तुकाराम नगरसारख्या दाट वस्तीतही मोकळा भूखंड, गटाराची कड किंवा बांधकामाची माती त्याला पुरते. तिथून माती, मुरूम, रोपवाटिकेतील रोपे आणि वाहनांच्या चाकांबरोबर बी चाकण, खेड, मावळकडे शेतांपर्यंत जाऊ शकते. म्हणून शहराच्या कडेला शेती असलेल्यांनी जास्त सावध राहावे.

अडचण ओळखीची आहे. बहुतेक जण पांढऱ्या फुलांवरून गाजर गवत ओळखतात. फुलाआधी ते झेंडू, कॉसमॉस किंवा दवण्यासारखे दिसते. ही सारी सूर्यफुलाच्याच कुळातील झाडे आहेत. फरक असा पाहा:

• गाजर गवत: लहानपणी पाने एका बिंदूतून चक्रासारखी निघून जमिनीला चिकटून पसरतात. पान गाजरासारखे खोल कातरलेले असते. पुढे खोडावर उभ्या रेषा दिसतात आणि पाने एकाआड एक येतात. फुले पांढरी, बारीक, पाच कोपऱ्यांची.
• झेंडू व कॉसमॉस: पाने कातरलेली, पण रोप सुरुवातीपासून उभे वाढते आणि खालची पाने समोरासमोर असतात.
• दवणा: पाने एकाआड एक असली तरी रंग रुपेरी करडा. चुरगळताच ओळखीचा सुगंध येतो. डोंगरावरील ढोर दवण्याचे पान खालून पांढरट, लवदार असते.
• माका: फूल पांढरे, पण पान साधे, लांबट, खरखरीत व समोरासमोर. चुरगळल्यावर रस काळपट होतो. ओलसर बांधावर आढळतो. औषधी आहे, उपटू नका.
• दगडी पाला (एकदांडी): लांब दांड्यावर एकच फूल, मध्यभाग पिवळा.

डोंगरपठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलणारी पिवळी सोनकी ही सह्याद्रीची स्वतःची वनस्पती आहे. गाजर गवताच्या मोहिमेत तिला हात लावू नये.

आता काय कराल?

१. पहिल्या पावसानंतर तिसऱ्या आठवड्यात बांध, गोठ्याची कड व पडीक जागा फिरून पाहा. जमिनीला चिकटलेली चक्रे मुळासकट उपटा. ओल असताना ती सहज निघतात.
२. हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. या तणातील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेला खाज व पुरळ येते. जनावरांच्या खाण्यात आल्यास दूध कडवट होते.
३. फुलाआधीचे तण कंपोस्टात चालते. फुललेले मात्र टाकू नका, नाहीतर खताबरोबर बी शेतात जाईल.
४. पडीक जागेत पावसाळ्यापूर्वी तरोट्याचे बी फेका. दाट तरोटा गाजर गवताला उठू देत नाही.
५. फिकट अंगावर गडद रेषा असलेले भुंगेरे पाने खात असतील, तर तिथे फवारणी टाळा. मेक्सिकोतून आणलेले हे मित्रकीटक १९८४ मध्ये बेंगळुरू परिसरात सोडले गेले होते.

विस्तार कार्यकर्त्यांनी ऑगस्टच्या सप्ताहाची वाट न पाहता जूनमध्येच गावात एक शिवारफेरी घ्यावी. सोबत फोटो नको, कोवळे रोप हातात द्या. एकदा हाताने ओळखलेले तण शेतकरी विसरत नाही.