काळी आई चालते, काळी सून का चालत नाही?

दसरा-दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यात दोन बाजार लागोपाठ भरतात. पहिला मुकादमाचा. पाटोदा, आष्टी, शिरूर, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवरून तो फिरतो, उचल देतो आणि नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, बांधून घेतो. त्याला बाईचे मनगट पाहिजे. ती ऊस तोडील काय, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरील काय, एवढेच तो पाहतो. दुसरा बाजार सोयरिकीचा. त्यात चार पाहुणे येऊन बसतात, पोहे खातात आणि त्याच बाईची लेक उजेडाला बसवून तिचे तोंड न्याहाळतात. त्यांना मनगट नको, रंग पाहिजे. "मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण अंमळ सावळी आहे; घरी विचारून कळवतो," एवढे बोलून ते उठतात, आणि पुढे कळवीत नाहीत.

आता गंमत पाहा. पुढे हीच मुलगी कोणाची तरी सून होते, आणि लग्नाची हळद उतरण्याच्या आत तिला कोयता हाती देऊन फडावर नेतात. सहा महिने उन्हात राबवण्यासाठी जी बाई आणावयाची, ती सावलीत वाढलेल्या गोऱ्यागोमट्या बाहुलीसारखी दिसावी, ही मागणी कोणत्या शहाणपणाची? बैल घेताना जो शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो, तो सून आणताना मात्र कातड्याचा रंग पाहतो, आणि यालाच रीत म्हणतो.

आम्ही हे परक्या घरचे उणे काढण्यासाठी लिहीत नाही. हा रोग नांगर धरणाऱ्याच्या, मेंढरे राखणाऱ्याच्या, आवा लावणाऱ्याच्या व रंधा मारणाऱ्याच्या घरात, म्हणजे आमच्याच घरात, खोल शिरला आहे. म्हणून तो कोठून आला हे आधी पाहिले पाहिजे.

आमच्या बापजाद्यांनी गावाचे दोन भाग केले: काळी आणि पांढरी. पांढरीत माणसे राहतात, काळीत पीक येते. पोटाला घालते ती काळी, म्हणून तिला आपण काळी आई म्हणतो व पेरणीच्या आधी तिच्या पाया पडतो. आषाढात आमच्या जिल्ह्यातून दिंड्या निघतात त्या पंढरपूरच्या काळ्या विठोबाकडे. त्याला सावळा म्हणताना वारकऱ्याचा कंठ दाटून येतो. मात्र माउलीच्या नावाने टाळ कुटणारा तोच वारकरी घरी आला की नातीकडे पाहून "हिचे कसे व्हायचे?" म्हणून उसासा टाकतो. जो रंग देवात गोड, मातीत पवित्र आणि पुरुषात बिनखोट, तो एकट्या बाईच्या अंगावर आला म्हणजे दोष कसा ठरतो?

याचे पहिले उत्तर भिक्षुकशाहीच्या पोथीत आहे. माणसांच्या उतरंडीला तिने जो शब्द लावला तो 'वर्ण', म्हणजेच रंग. वरचा उजळ आणि खालचा काळा, ही कल्पना त्या एका शब्दाबरोबर आमच्या घरात आली. दुसरे उत्तर गोऱ्या साहेबाच्या राज्यात आहे. युरोपातील पंडितांनी 'आर्य' या शब्दावरून एक निराळा गोरा वंश उभा केला. हर्बर्ट रिस्ले नावाच्या अधिकाऱ्याने माणसांची नाके मोजून १८९१ साली पुस्तके छापली. जात जितकी खालची तितके नाक रुंद, असा त्याचा हिशेब. हाच गृहस्थ पुढे १९०१ च्या खानेसुमारीचा प्रमुख झाला, आणि नाकाच्या रुंदीवरून माणसाची पायरी ठरवण्याचा हा खेळ सरकारी दप्तरात शिरला. भटाच्या पोथीला साहेबाच्या फूटपट्टीची साक्ष मिळाली!

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त आर्यांच्या स्वारीची हीच गोष्ट उलटी फिरवून मारली: तुम्ही बाहेरून आलेले लुटारू, आणि आम्ही या भूमीचे धनी. त्या काळी तो घाव लागावयास हवा होता व तो लागला. पुढे १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात नाकांचीच मोजमापे हाती घेतली आणि दाखवून दिले की ब्राह्मण व अस्पृश्य यांचा वंश निराळा ठरत नाही. आजचे रक्त-बीज तपासणारे शास्त्रही सांगते की या देशातील जवळजवळ सर्व जातींचे पूर्वज एकमेकांत मिसळलेले आहेत. कमी-अधिक प्रमाणाचा काय तो फरक. तेव्हा गोरा तो थोर हे जसे खोटे, तसेच काळा तोच अस्सल हेही म्हणण्याचे कारण नाही. कातडीत मेलॅनिन नावाचे द्रव्य असते. ते जास्त असले की रंग गडद दिसतो आणि उन्हाच्या जाचापासून अंगाचे रक्षण होते. निसर्गाने जे छत्र म्हणून दिले, त्याला आम्ही डाग म्हणत बसलो आहोत.

तिसरे उत्तर दुकानदाराच्या गल्ल्यात आहे, आणि आजच्या घडीला हेच सर्वांत जबर आहे. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हर कंपनीने 'फेअर अँड लव्हली' नावाची मलमाची नळी बाजारात आणली. फेअर म्हणजे गोरी, लव्हली म्हणजे सुंदर. दोन शब्द एकत्र बांधले, म्हणजे गोरी नाही ती सुंदर नाही हे न बोलता सांगून झाले. काळी मुलगी नोकरीला व लग्नाला नापास, आणि नळी लावली की पास, असा पाठ तिच्या जाहिरातींनी दोन पिढ्यांना दिला. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड नावाचा काळा माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला आणि जगभर ओरड झाली. तेव्हा कुठे कंपनीला लाज वाटली व 'फेअर' शब्द जाऊन 'ग्लो' आला. त्याच सुमारास लग्ने जुळवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने वधूचा रंग निवडण्याची सोय काढून टाकली. तिकडे सात समुद्रापलीकडे एक माणूस मेला तेव्हा इकडची पाटी बदलली. आमच्या शेकडो मुली रोज झुरतात त्याने मात्र बदलली नव्हती, हे ध्यानात ठेवा.

नावाच्या नळीवर निदान पत्ता तरी असतो. खेड्यातल्या आठवडी बाजारात व कोपऱ्यावरच्या दुकानात ज्या बेनामी डब्या मिळतात, त्यांत काय असते ते मायबहिणींनी नीट समजून घ्यावे. काहींत पारा असतो. पारा कातडीत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चार आठवड्यांत तोंड उजळते. पण तोच पारा रक्तात शिरून मूत्रपिंडे नासवतो. अकोल्याच्या एका घरात आई व दोन मुली अशा तिघींची मूत्रपिंडे २०२२ मध्ये बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या लावीत असलेल्या गोरेपणाच्या मलमात पारा निघाला. दुसऱ्या काही मलमांत स्टेरॉइड असते. ते खरे पाहता त्वचारोगावरचे औषध, डॉक्टरच्या चिठ्ठीवर थोडे दिवस लावावयाचे. ते महिनोन् महिने चोळले तर कातडी कागदासारखी पातळ होते, तोंडावर लाली व पुटकुळ्या येतात, लव वाढते. आणि सोडावे तर आग होते म्हणून पुन्हा तेच लावावे लागते. दारूच्या व्यसनाहून हे काय निराळे? २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. कायदा कागदावर आहे, डबी दुकानात आहे.

कातडीचे नुकसान डोळ्यांना दिसते. मनाचे दिसत नाही. बाळंतिणीच्या खोलीतून बातमी येते ती "पोरगी झाली, त्यात पुन्हा काळी" अशी. पाळण्यातल्या पोरीला काळुंद्री म्हणून हाक मारतात, ती मोठी होते तो स्वतःचे तोंड आरशात पाहावयास भिते. फोटो काढताना मागे उभी राहते. शाळेच्या वाटेवर भर उन्हाळ्यात तोंड बांधून घेते. अंगी अक्कल आहे, हाताला गुण आहे, पण सारे लक्ष एका रंगावर खिळलेले. आणि हे तिला शिकवते कोण? आई, आजी, आत्या, शेजारीण. ज्या बायांना स्वतःला हे चटके बसले, त्याच पुढच्या पोरीला ते देतात.

मग येतो हुंडा. मुलगी सावळी म्हटले की वरपक्षाचे तोंड दोन बोटे अधिक उघडते. रंगाची किंमत बापाने शेत गहाण टाकून भरावयाची. नवरा मुलगा कोळशासारखा असला तरी त्याची वजावट कोणी धरीत नाही! बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारले होते की जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत काय. त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या पुरुषांनी अजून दिलेले नाही.

लग्न झाल्यावर तरी सुटका होते काय? सातारा जिल्ह्यातील एका मेंढपाळाच्या घरची तरुण सून १९९५ च्या जानेवारीत मेली. तू काळी आहेस, दुसरी बायको करीन, असे टोमणे नवरा मारी, अशी तक्रार होती. १९९८ मध्ये साताऱ्याच्या न्यायालयाने नवऱ्याला शिक्षा दिली. २०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. असे टोमणे ही घरगुती कुरबूर आहे, फौजदारी गुन्हा ठरावा इतका तो छळ नव्हे, असे न्यायालय म्हणाले. न्यायालयाचा निकाल न्यायालयाजवळ. आम्ही त्यातून एवढेच घेतो की कायद्याच्या चिमट्यात जे सापडत नाही ते गावाच्या पंगतीत, सोयऱ्यांच्या बैठकीत आपणच पकडले पाहिजे.

आणि हे सारे कोणत्या जिल्ह्यात? २०११ च्या खानेसुमारीत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे बीडमध्ये मुली होत्या अवघ्या ८०७. साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. मुली पोटातच मारून लग्नाला मुली मिळेनात अशी गत करून घेतली, तरी हा वर म्हणतो, गोरीच पाहिजे! ज्या ऊसतोड बाईचा रंग पाहून नाके मुरडली, तिचे शरीर पुढे कसे वापरले तेही पाहा. २०१९ मध्ये सरकारी समितीने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. लग्नाआधी कातडी तपासली, लग्नानंतर हाडे राबवली, आणि पाळीने खाडा पडतो म्हणून पिशवीही नकोशी झाली. या शरीराची खरी मालकीण कोण, हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नाही.

मग करावयाचे काय? एकटा बाप काय करील, असे आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. चीन देशात शेकडो वर्षे मुलींचे पाय लहानपणी करकचून बांधीत, कारण लहान पायाच्या मुलीलाच चांगले स्थळ मिळे. एकट्या बापाने बांधणे सोडले तर त्याची मुलगी घरी राही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे मंडळ्या निघाल्या. सभासद दुहेरी शपथ घेत: आमच्या मुलींचे पाय बांधणार नाही, आणि आमच्या मुलांना पाय बांधलेली वधू करणार नाही. मुलगी सोडणारा व सून घेणारा एकाच शपथेत आले, म्हणून शेकडो वर्षांची रीत एकदोन पिढ्यांत ढासळली. १९१२ मध्ये तिकडे कायद्यानेही मनाई झाली.

तीच दुहेरी शपथ आपल्या पंचक्रोशीत का होऊ नये? मुलीच्या लग्नाच्या कागदावर रंगाचा रकाना लिहावयाचा नाही, आणि मुलासाठी रंग विचारावयाचा नाही. सावळेपणापायी एक पैसा जास्त द्यावयाचा नाही, घ्यावयाचा नाही. पाहुणा रंगावर बोलला तर पोह्याची बशी तेथेच उचलावी. बेनामी मलमाची डबी गावच्या दुकानात दिसली तर औषध खात्याकडे लेखी तक्रार करावी. घरात पोरीला काळुंद्री म्हणणाऱ्याला, मग ती आजी का असेना, तोंडावर टोकावे. सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटावाचून पहिले लग्न लावले, तेव्हाही लोक असेच म्हणाले होते की जगरहाटीपुढे कोणाचे चालते? चालले. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराजवळ आपले हक्क मागते; तिच्या रंगाचा पंचनामा त्यांत कोठे नाही.

शेतकरी बंधूंनो, काळ्या रानात राबून आपल्या सर्वांचे पोट भरणारी बाई कोणाच्या पसंतीसाठी जन्मलेली नाही. येत्या लग्नसराईत तुमच्या ओट्यावर जे पाहुणे येतील, त्यांना हे आधीच सांगून ठेवा. आणि तुम्ही ज्याच्या ओट्यावर जाल, तेथे स्वतःच्या जिभेला सांगा.