स्कॅनरमागच्या माणसाला वेळ द्या

संध्याकाळच्या ओपीडीत काउंटरवर बसलेल्या ताईंकडे थोडा वेळ बघावं. त्या नंबर लावतात, फोन घेतात, सुटे पैसे परत करतात, डॉक्टर किती वाजेपर्यंत आहेत ते सांगतात आणि याच गडबडीत पेशंटने कॅरीबॅगेतून काढून दिलेले कागद एकेक करून स्कॅनरमध्ये सरकवतात. कागद परत पिशवीत जातो, संगणकावर एक फाइल उरते. तिला नाव काय द्यायचं, तारीख कोणती टाकायची, ती कोणाच्या खात्यात ठेवायची, हे सगळं काही सेकंदांत उरकावं लागतं. सहा महिन्यांनी डॉक्टरांना तो रिपोर्ट सापडणार की नाही, हे तेव्हाच ठरून गेलेलं असतं.

शहरांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत दवाखाने पेपरलेस होत आहेत, आणि ते चांगलंच आहे. लोखंडी कपाटं, पावसाळ्यात ओल धरलेले केसपेपर, वाळवी, गहाळ झालेल्या फायली यांतून सुटका कोणाला नको? पण या बदलाचा पैसा जातो तो स्कॅनरवर आणि सॉफ्टवेअरच्या वार्षिक शुल्कावर. ज्या व्यक्तीने त्यात रोज पानांमागून पानं भरायची, तिच्या वाट्याला येतं ते मशीन बसवायला आलेल्या मुलाने उभ्या उभ्या दिलेलं शिक्षण. स्कॅनिंग हे मधल्या वेळात उरकण्याचं किरकोळ काम समजलं जातं. खरं म्हणजे ते वैद्यकीय काम आहे. रक्तदाब मोजताना जेवढी काळजी घेतली जाते, तेवढीच इथेही घ्यायला हवी.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत, नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असं म्हटलेलं आहे. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपाव्यात आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात, हेही त्याच नियमांत आहे. त्याआधी १९९६ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने, पेशंटने स्वतःच्या केसपेपरची प्रत मागितली तर गोपनीयतेचं कारण पुढे करता येणार नाही, असं बजावलं होतं. मुद्दा जागा वाचवण्याचा नाही, सापडण्याचा आहे. ‘स्कॅन ४७’, ‘नवीन रिपोर्ट’, ‘शिंदे २’ अशा नावांच्या फायलींचा ढीग तर जुन्या कपाटापेक्षा वाईट. कपाटात निदान लॅबच्या लेटरहेडचा रंग ओळखू यायचा. स्कॅन केलेलं पान संगणकाच्या लेखी एक चित्र असतं. छापील मजकूर यंत्र बऱ्यापैकी वाचतं, पण डॉक्टरांच्या घाईतल्या अक्षरापुढे त्याचंही फारसं चालत नाही. तेव्हा शोध लागतो तो माणसाने दिलेल्या नावावरून आणि तारखेवरूनच.

तारखेचा घोळ तर नेहमीचा. मार्चमधला रिपोर्ट ऑगस्टमध्ये स्कॅन होतो आणि सॉफ्टवेअर त्यावर आपणहून ऑगस्टची तारीख टाकतं. मग पाच महिन्यांपूर्वीचं हिमोग्लोबिन कालचं वाटू लागतं. तपासणीची तारीख वेगळी टाइप केली तरच क्रम बरोबर लागतो.

एखादं डिस्चार्ज कार्डच घ्या. समोरच्या बाजूला निदान, ऑपरेशनची तारीख, डॉक्टरांची सही. मागच्या बाजूला घरी घ्यायच्या गोळ्या, पुन्हा कधी दाखवायचं ते आणि कुठे तरी कोपऱ्यात पेनाने लिहिलेलं, ‘पेनिसिलिन देऊ नये’. स्कॅनर एकाच बाजूवर ठेवलेला असेल तर ती ओळ कायमची गेली, आणि ती गेल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण पडद्यावरचं पान नीटनेटकं, पूर्ण दिसतं. ईसीजीच्या पट्टीचं दुखणं आणखी वेगळं. ती थर्मल कागदावर निघते, म्हणून उन्हाने, उष्णतेने आणि प्लास्टिकच्या पाकिटातही फिकट होत जाते. ती आल्या दिवशीच स्कॅन व्हायला हवी आणि अख्खी व्हायला हवी. नाव, वेळ आणि कागदाचा वेग, जो बहुधा सेकंदाला २५ मिलिमीटर असतो, हे सगळं कडेलाच छापलेलं असतं. व्हॉट्सॲपवर घाईत पाठवलेल्या फोटोत नेमकी तीच कड कापली जाते.

नावांचा गुंता आपल्याकडे विशेष आहे. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. सासरच्या गावातल्या दवाखान्यात तिची नोंद सासरच्या आडनावाने, कधी कधी लग्नात बदललेल्या नावाने. माहेरच्या डॉक्टरांकडे लहानपणापासूनची नोंद माहेरच्या नावाने. तिचा रक्तगट निगेटिव्ह आहे, अँटी-डी इंजेक्शन अठ्ठाविसाव्या आठवड्यात दिलं होतं का, हे प्रसूतीच्या वेळी कळायलाच हवं. कागद स्कॅन झालेला असतो, पण दुसऱ्याच नावाखाली. म्हणूनच नोंद नावावर न ठेवता क्रमांकावर ठेवायची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९०७ साली हेन्री प्लमर यांनी हीच गोष्ट केली. तोवर तिथला प्रत्येक डॉक्टर आपापली वही ठेवायचा. प्लमर यांनी प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक दिला आणि त्याचे सगळे कागद एकाच फायलीत आणले. आपला चौदा अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांक त्याच विचारातून आलेला आहे. मात्र तो काउंटरवर विचारून भरायला कोणाला तरी सवड हवी.

स्कॅन झाल्यावर पान पुन्हा डोळ्यांखालून घालायचं ते यासाठीही, की यंत्रही चुकतं. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही कॉपियर-स्कॅनरमधला दोष उघडकीला आणला. इमारतीच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी लिहिलेली होती. यंत्रातून निघालेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकमेकांच्या जागी वापरत होतं. त्यात सहाचा आठही होत होता. आकडे पुसट झाले नव्हते. ते स्वच्छ, ठळक आणि चुकीचे होते. कंपनीला दुरुस्ती काढावी लागली. क्रिएटिनिन १.६ होतं की १.८, इन्सुलिन ६ युनिट की ८, हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं, त्याच्या बाबतीत एवढी तपासणी जास्त म्हणता येणार नाही. मूळ कागद हातात असेपर्यंतच ती होऊ शकते. पिशवी उचलून पेशंट गेला की संपलं.

काही कागद तर स्कॅन झाले तरी टाकायचे नसतात. सोनोग्राफी केंद्रांना गर्भवतीच्या तपासणीची नोंद असलेला ‘फॉर्म एफ’ कायद्याने दोन वर्षं जपावा लागतो, आणि त्या नोंदीतल्या त्रुटी ही निव्वळ कारकुनी चूक मानता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. ऑपरेशनच्या संमतीपत्रावरची मूळ सहीही जपलेली बरी. जागा मोकळी करण्याच्या उत्साहात हे सगळं रद्दीत जाऊ नये.

आणि संगणक बंद पडला तर? २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस हाताने लिहून काम चालवावं लागलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांमधली रुग्णनोंदींची एचएमआयएस ही प्रणाली बंद झाली आणि केसपेपर पुन्हा हाताने निघू लागले. छोट्या दवाखान्याने यातून एवढं तरी घ्यावं : रोजची एक प्रत वेगळ्या जागी, संगणकाला न जोडलेली, आणि महिन्यातून एकदा ती खरोखर उघडते का ते पाहणं.

ही सगळी कामं कोणी करायची, हा प्रश्न फिरून काउंटरवरच येतो. ओपीडी सुरू असताना ती होणार नाहीत. पेशंटचे कागद तेवढ्यापुरते ठेवून घ्यावेत, दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हाचा तासभर फक्त स्कॅनिंगसाठी ठेवावा, त्या वेळात फोन दुसऱ्या कोणी घ्यावा. अक्षर लागत नसेल किंवा नाव जुळत नसेल तर ताईंनी डॉक्टरांना थांबवून विचारावं, आणि विचारल्याबद्दल त्यांना बोलणी बसू नयेत. आठवड्यातून एकदा डॉक्टरांनी स्वतः कुठलीही दहा नावं काढून त्यांचे कागद सापडतात का ते पाहावं. डॉक्टरांच्या तालुका पातळीवरच्या संघटना नवीन औषधांवर व्याख्यानं ठेवतात, तसं एक शिबिर दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी ठेवणं त्यांना अवघड नाही. स्कॅनर आणि सॉफ्टवेअरचं कोटेशन विक्रेता देतो. त्यात या तासाचा पगार नसतो. तो डॉक्टरांनी स्वतः धरायला हवा, आणि सॉफ्टवेअर घेण्याआधीच धरायला हवा.