आप्पांचे हरिकेन

वैद्यकीय व्यवसायात अठ्ठावीस वर्षे घालविल्यानंतर एखादा सल्ला आपण किती सहजतेने देऊन टाकतो, याची जाणीव एखादा रुग्णच करून देतो. आज तसाच एक अनुभव सांगावयाचा आहे. संबंधितांची परवानगी घेतली आहे. नाव मात्र लिहीत नाही. त्यांना घरीदारी सर्व जण आप्पा म्हणतात, आपणही तेच म्हणू.

पौषातील कडाक्याच्या थंडीत आप्पा मुलासह आमच्या सावद्याच्या दवाखान्यात आले. वय सत्त्याहत्तर. तरुणपणीच्या विडीने फुप्फुसांचे नुकसान केलेले, त्यामुळे श्वासनलिका आकसण्याचा जुना विकार आणि खिशात कायम पंप. तक्रार अशी की आठवड्यातून दोन-तीनदा सायंकाळी डोके जड होते, घशात खवखव सुटते आणि रात्री खोकला झोपू देत नाही. छाती तपासली, शिट्टीसारखा आवाज नेहमीपेक्षा अधिक होता. विचारपूस करता मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दारे-खिडक्या लावून तासन्‌तास प्लॅस्टिकची विमाने चिकटवीत बसतात. त्या गोंदाचा वास सगळ्या घरात भरतो.”

निदान समोर उभे होते. पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे भाग जोडण्याचा गोंद आपल्या फेविकॉलसारखा वाळून धरत नाही. त्यातील द्रावक प्लॅस्टिकचा पृष्ठभागच विरघळवितो, दोन्ही विरघळलेले पृष्ठभाग एकजीव होतात आणि द्रावक हवेत उडून जातो. तो जातो कोठे, तर बंद खोलीत बसलेल्या माणसाच्या फुप्फुसांत. निरोगी माणसालाही त्याने डोकेदुखी, चक्कर, मळमळ होऊ शकते. आप्पांसारख्याचे तर श्वासनलिकांचे स्नायूच आवळले जातात. मी म्हणालो, “आप्पा, हा खेळ आता पुरे. पेटी बांधून माळ्यावर टाका.” आप्पा काही बोलले नाहीत. औषधांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि उठले.

खोकला आठ दिवसांत बसला. मी माझ्यावर खूश होतो.

एप्रिलमध्ये त्यांची सून एकटीच आली. स्वतःच्या गुडघ्याचे दुखणे सांगून झाल्यावर जरा थांबली आणि म्हणाली, “आप्पांचं सांगायचं होतं. खोकला नाही, पण जेवण निम्म्यावर आलंय. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा असे नव्हते. ते विमान बांधून ठेवलं तेव्हापासून हे सुरू झालंय.” वजन पाहावे म्हणून दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेलो. तीन महिन्यांत साडेचार किलो उतरले होते. वृद्धांचे वजन असे उतरू लागले की रक्त, साखर, थायरॉईड, छातीचा एक्स-रे हे सर्व पाहावेच लागते, तेही केले. त्यात नवे काही निघाले नाही. वृद्धांतील खिन्नता पुष्कळदा रडत येत नाही. ती भूक, झोप आणि बोलणे कमी करीत येते. येथे तर तिला वाट मीच करून दिली होती. बंद खोली उघडावयास सांगणे आवश्यक होते. मी खोलीऐवजी माणूसच बंद केला.

पेटी माळ्यावरून उतरविली. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचा कोपरा दबलेला जुना खोका, १९७० च्या दशकातला. इंग्लंडात राहणाऱ्या मुलीने जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणलेला. आत हॉकर हरिकेन हे दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमान, एकाच बाजूचा पंख लावलेले. एकास बहात्तर हे त्याचे प्रमाण, म्हणजे प्रत्यक्षातील सहा फूट येथे एका इंचात मावतात. खऱ्या हरिकेनच्या पंखांचा विस्तार चाळीस फूट, या प्रतिकृतीचा सुमारे सतरा सेंटिमीटर, वीतभरही नाही. याच कंपनीने १९५० च्या दशकात स्पिटफायरचा छोटा संच काढला आणि पुढच्या दोन पिढ्यांतील मुलांच्या खोल्यांच्या छतांना दोऱ्याने विमाने टांगली जाऊ लागली. जुन्या संचांत साच्याबाहेर ओघळलेली प्लॅस्टिकची पापुद्री असते, जोड नीट बसत नाहीत, पाण्यात भिजवून चिकटवावयाची चिन्हे पिवळी पडलेली आणि ठिसूळ असतात. नवे संच अधिक रेखीव येतात. पण आप्पांना जुनेच हवे. “नव्यात फिटरला काम काय उरतं?” असा त्यांचा प्रश्न.

आप्पा वायुदलात विमानाच्या सांगाड्याचे फिटर होते, हे मला पंधरा वर्षे उपचार करूनही ठाऊक नव्हते. १९७१ च्या डिसेंबरात पश्चिमेकडील एका तळावर ते नॅट विमानांची देखभाल करीत होते. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्याने तरुणपणी हरिकेन आणि स्पिटफायर हाताळली होती. त्या दिवशी आप्पांनी मला पलंगावर बसवून सांगितले की हरिकेनच्या धडाचा मागचा भाग पत्र्याचा नव्हे, तर लाकडी पट्ट्यांवर ताणून बसविलेल्या कापडाचा असे. म्हणून गोळी आरपार गेली तरी ठिगळ लावून ते पुन्हा उडविता येई. १९४४ साली इंफाळला वेढा पडला, तेव्हा अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय वायुदलाची पहिली तुकडी तेथे हरिकेनच उडवीत होती. आप्पांना नेमके त्या तुकडीचे विमान करावयाचे होते. तीन महिन्यांत ते इतके सलग बोलले नव्हते, असे सून नंतर म्हणाली.

मग आम्ही तिघांनी मिळून नियम ठरविले. ज्यांच्या घरी असा छंद आहे, मग तो विमानांचा असो, लाकडाचा असो वा रंगकामाचा, त्यांना ते उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न गोंदाचा. जोडकाम खोलीत नाही, मागच्या पडवीत; उन्हाळ्यात सकाळी सात ते आठ, थंडीत दुपारी. वारा आपल्या पाठीकडून वाहील असे बसावयाचे. द्रावक पेट घेणारा असतो, म्हणून जवळ शेगडी, उदबत्ती, निरांजन काही नाही. आणि प्रत्यक्ष गोंद आप्पांनी लावावयाचाच नाही. “मग कोण लावणार?” असे मी विचारले तेव्हा सून म्हणाली, “मी लावीन. मंगळवार आणि शुक्रवार, अर्धा तास. त्याहून जास्त मला जमायचं नाही.” हे तिने स्पष्ट सांगितले याचे मला फार बरे वाटले. सेवा करणाऱ्या व्यक्तीच्या अंगावर रुग्णाचा छंदही लादून आपण मोकळे होतो, आणि मग तिचे गुडघे दुखू लागले की आश्चर्य करतो. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. उरलेले काम, म्हणजे सुटे भाग कापणे, घासणे, रंगविणे, आप्पा एकटे करतात.

घासण्याचा पॉलिश पेपर नेहमी ओला करून वापरावा. कोरड्या घासण्याने उडणारी भुकटी फुप्फुसांत जाते. रंग पाण्यात मिसळणारे घ्यावेत. मुलीने खोक्यासोबत रंगांच्या जुन्या डब्या पाठविल्या होत्या, त्या मी टाकून देण्यास सांगितल्या, कारण त्या काळच्या तैलरंगांत शिशाची संयुगे असू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी धारदार पात्याऐवजी नेलकटर वापरावे. सुटे भाग त्यानेही उत्तम निघतात. मधुमेहात बोटांची संवेदना मंदावलेली असेल तर काम संपल्यावर उजेडात हात पाहावेत, कापलेले समजतच नाही. घरात रांगते मूल असेल तर एकही तुकडा जमिनीवर राहता कामा नये. गहू-हरभऱ्याच्या दाण्याएवढी चाके श्वासनलिकेत अडकण्यास अगदी योग्य आकाराची असतात.

यानंतर हाताच्या कंपाचा विषय निघाला. आप्पांचा हात थरथरे आणि ते त्याला म्हातारपण म्हणत. मी त्यांना काम करताना पाहिले. हात मांडीवर स्वस्थ असताना थरथर नव्हती. चिमट्याने तुकडा उचलला की येई. पार्किन्सनच्या आजारात बहुधा उलट असते, हात निवांत असताना कंप दिसतो आणि त्याबरोबर हालचालीही मंदावतात. हा फरक घरच्यांनी टिपून डॉक्टरांना सांगितला तर निदानास मोठी मदत होते. आप्पांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. ते कामाला बसण्यापूर्वी “धाप लागायला नको” म्हणून पंपाचे दोन झोत घेत. त्यातील साल्ब्युटामॉल या औषधाने हात थरथरतो! तातडीच्या पंपाची वेळ आणि कामाची वेळ यांत अंतर ठेवले, रोजच्या नियमित पंपाची मात्रा नीट बसविली, कोपर टेबलावर टेकून काम करण्यास सांगितले. कंप गेला नाही, पण निम्म्याहून कमी झाला. धाप लागली तर मात्र पंप घ्यावयाचाच. हात स्थिर राहावा म्हणून औषध टाळणे हा शुद्ध वेडेपणा होय.

आषाढात आप्पांनी वैमानिकाच्या कक्षावरील पारदर्शक झाकण तिरके बसविले आणि ते त्यांना दिसलेच नाही. सुनेला दिसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकत आलेला. जळगावला शस्त्रक्रिया ठरली, तर आप्पा अडून बसले. डोळ्यात प्लॅस्टिक घालून घेणार नाही म्हणाले. तेव्हा मी त्यांना त्यांच्याच हरिकेनची गोष्ट सांगितली.

ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटनवरील हवाई लढाईत गॉर्डन क्लीव्हर नावाच्या वैमानिकाच्या हरिकेनवर मारा झाला. कक्षाचे झाकण फुटले आणि त्याचे कण त्याच्या डोळ्यांत घुसले. झाकण काचेचे नव्हते, पर्स्पेक्स या पारदर्शक प्लॅस्टिकचे होते. एक डोळा गेला. दुसऱ्यात कण तसेच राहिले. हॅरॉल्ड रिडले या नेत्रशल्यविशारदाने अशा वैमानिकांना तपासताना पाहिले की काचेच्या कणाने डोळा लाल होऊन बिघडतो, पर्स्पेक्सचे कण मात्र वर्षानुवर्षे निमूट पडून असतात. तोवर मोतीबिंदू काढला की माणूस जाड भिंगाच्या चष्म्यावर अवलंबून राही. आपल्यापैकी अनेकांनी आजी-आजोबांचे ते चष्मे पाहिले आहेत. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रिडले यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग प्रथमच मानवी डोळ्यात बसविले. समव्यवसायिकांनी त्यांना वर्षानुवर्षे विरोध केला. पुढे वृद्धपणी क्लीव्हर यांच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यातही कृत्रिम भिंगच बसविले गेले. आज बहुतेक ठिकाणी घडी घालून सूक्ष्म छेदातून आत सरकविता येणारी मऊ भिंगे वापरतात, पण त्यांचे मूळ त्या फुटक्या झाकणात आहे.

आप्पा बराच वेळ हातातले तिरके झाकण फिरवीत राहिले. “हे पण त्याचंच का?” नाही, ते पॉलिस्टायरीनचे. “म्हणजे नकली,” असे म्हणून ते शस्त्रक्रियेला तयार झाले.

शस्त्रक्रियेनंतर घासकाम आणि धूळ नेत्रतज्ज्ञ सांगतील तितके दिवस वर्ज्य. महिनाभराने आप्पांची तक्रार आली की लांबचा सातपुडा स्वच्छ दिसतो, पण जवळचा स्क्रू दिसत नाही. ऑपरेशन फसले की काय? फसले नव्हते. बहुतेकांना लांबच्या दृष्टीसाठी भिंग बसवितात. जवळच्या कामाला चष्मा लागतोच, आणि त्याचा नंबर डोळा स्थिरावल्यावर काढतात. तिरके झाकण काढून पुन्हा बसविले तेव्हा त्याला फेविकॉल लावला. द्रावकाच्या गोंदाने पारदर्शक प्लॅस्टिक धुरकटते, हे मला सुनेने शिकविले.

छंदाने स्मृतिभ्रंश टळतो का, असे वाचक विचारतील. छंद असणाऱ्यांत तो कमी आढळतो, असे निरीक्षण आहे. परंतु ज्यांची स्मृती शाबूत आहे तेच छंद चालू ठेवू शकतात, हेही तितकेच खरे. तेव्हा मी तसे आश्वासन देणार नाही. आप्पांचे वजन तीन किलो परत आले, एवढे मी माझ्या वहीत पाहून सांगू शकतो. वर्षानुवर्षे जमणाऱ्या कामाचा क्रम कोणी अचानक चुकवू लागला, तर ते मात्र डॉक्टरांना जरूर सांगावे.

गेल्या पंधरवड्यात रक्तदाब मोजावयास गेलो तेव्हा हरिकेन रंगून तयार होते. खोक्यातील गोल चिन्हांत मधोमध लाल ठिपका होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांवरील लाल गोळ्याशी घोटाळा होऊन आपलेच लोक आपल्यावर गोळी झाडतील, म्हणून तेथील विमानांवरून तो लाल रंग काढून टाकला होता. गडद निळ्यात फिकट निळा एवढेच ठेवले होते. म्हणून आप्पांनी ती चिन्हे बाजूस सारून हाताने रंगविण्यास घेतली. डाव्या पंखावरचे गोल सुबक उतरले होते. उजव्या पंखावरचे किंचित लंबवर्तुळाकार झाले होते. सून म्हणाली, “पुसून पुन्हा करू या का?” आप्पांनी नव्या चष्म्यातून ते निरखले, पंप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकविला आणि तिला म्हणाले, “शुक्रवारी बघू. आज तुझा अर्धा तास झाला.”